पित्तनलिकेतला खडा: ईआरसीपी विभागाचा अनुभव

सासूबाईंचे डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला नुसती खाज. एमआरसीपीत (पित्तमार्गाच्या एमआरआय तपासणीत) पित्तनलिकेत अडकलेला खडा दिसला, म्हणून ईआरसीपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने तो काढून घ्यायला, इथे आलो. डॉक्टरांनी कागदावर यकृत, पित्ताशय आणि लहान आतड्यात उघडणारी नळी काढून दाखवली. "पोट फाडायचं नाही, आजी. तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड जरासं कापायचं, फुग्याने खडा ओढून घ्यायचा." स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हेही आडपडदा न ठेवता आधीच सांगितलं. मला ते फार पटलं. खडा निघाला, खाज हळूहळू गेली.

तक्रार आहे ती डिस्चार्जच्या कागदाची. पित्ताशय काढण्याबद्दल त्यावर चकार शब्द नाही. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की पित्ताशयही काढायला हवं. अहो, खडे बहुतेक तिथेच तयार होतात की! बिलिंग काउंटरबद्दल तर बोलायलाच नको.