ॲसिड स्टेनच्या नावाखाली रंगवलेला कोबा

वडोदऱ्यातील दांडिया बाजारात आमच्या जुन्या घराच्या मागील बाजूस बांधलेल्या नव्या दिवाणखान्याला आणि ओसरीला टाइल्सऐवजी ॲसिड स्टेनचा कोबा करून घ्यावा असे आम्ही ठरवले. त्या कामात एका ठेकेदाराने आम्हाला ज्या रीतीने फसवले ती इतकी बेमालूम आहे की ती तपशिलाने लिहिणे आवश्यक वाटते. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही. शिवाय हीच युक्ती दुसऱ्या कोणत्याही नावाने चालू शकते.

ही लबाडी कळण्यासाठी खरे काम कसे होते ते आधी समजून घ्यावे लागते. लोह, मँगनीज किंवा तांबे यांचे क्षार सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड असलेल्या पाण्यात विरघळवून ॲसिड स्टेन तयार करतात. त्यातील ॲसिडमुळे काँक्रीटचा पृष्ठभाग किंचित उघडतो आणि हे क्षार सिमेंटमधील मोकळ्या चुन्याशी, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडशी, संयोग पावून पाण्यात न विरघळणारी रंगीत संयुगे बनवतात. ती काँक्रीटच्या छिद्रांतच बसतात, त्यामुळे खऱ्या स्टेनचा पापुद्रा कधी सुटत नाही. मिळणारे रंगही मोजकेच असतात: लोह आणि मँगनीज यांमुळे तांबूस, तपकिरी व काळपट छटा येतात, तर तांब्यामुळे हिरवट-निळसर. छटा ठिकठिकाणी कमी-जास्त उतरते आणि त्या ढगाळपणातच या फरशीचे सौंदर्य असते. म्हणूनच जो मनुष्य "हवा तो रंग, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकसारखा" देण्याचे वचन देतो, तो ॲसिड स्टेन देणार नाही हे त्याच वेळी ओळखावे.

आमच्या ठेकेदाराने नेमके हेच वचन दिले होते. त्याने आणलेले नमुन्याचे तुकडे मात्र अस्सल होते, हे त्याचे पहिले कौशल्य. दुसरे कौशल्य त्याहून मोठे. कामाच्या दिवशी त्याच्या माणसांनी प्रथम कोब्यावर संडास धुण्याचे साधे ॲसिड शिंपडले. कोब्यावर ॲसिड पडले की फेस येणारच; तो फसफसणारा फेस आणि नाकाला झोंबणारा वास पाहून घरातील सर्वांची खात्री पटली की काहीतरी मोठी रासायनिक क्रिया चालू आहे. क्रिया खरोखरच चालू होती, पण तिचा रंगाशी काडीचाही संबंध नव्हता. उलट ज्या मोकळ्या चुन्यावर खरा स्टेन अवलंबून असतो तोच त्या ॲसिडाने पृष्ठभागावरून खाऊन टाकला. त्यानंतर थिनरने पातळ केलेल्या सीलरमध्ये, म्हणजे फरशीवर शेवटी देतात त्या संरक्षक लेपात, ऑक्साइडची रंगीत पूड कालवून ती पंपाने फवारली गेली, आणि संध्याकाळपर्यंत वर एक चकचकीत थर देऊन काम पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले.

हा वेगच संशयास्पद होता. खऱ्या कामात स्टेन कोब्यावर काही तास, बहुधा रात्रभर, राहू देतात. मग खाण्याचा सोडा किंवा अमोनिया घातलेल्या पाण्याने उरलेले ॲसिड निष्प्रभ करतात, वर जमलेला गाळ घासून पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतात, फरशी पूर्ण वाळू देतात आणि तेव्हाच सीलर लावतात. त्याआधी कोबा किमान 28 दिवस मुरलेला असावा लागतो. आमचा तितका मुरलेला नव्हता, आणि तो पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) सिमेंटचा होता, ज्यातील फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मोकळा चुना खर्च करून टाकते व त्यामुळे रंग फिका उतरतो. प्रामाणिक कारागिराने याविषयी निदान सावध केले असते. या गृहस्थाने मात्र सिमेंटच्या गोणीचे छायाचित्र मागवून घेतले आणि "कोणतेही सिमेंट चालेल" असे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवले.

पावसाळा सुरू होताच ओसरीतील रंगाला फोड आले, आणि दिवाणखान्यात खुर्ची सरकवली जात असे तेथे रंगाची साल निघून खाली राखाडी सिमेंट दिसू लागले. ॲसिडाच्या वाफांनी खिडक्यांच्या लोखंडी गजांवर गंज चढला तो वेगळाच. महाराजा सयाजीराव विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या एका शेजारी काकांनी कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवून फरशीवर घासला, तेव्हा सगळा रंग बोळ्यावर आला. ॲक्रिलिक सीलर थिनरने खऱ्या कामातही विरघळतो, आणि गाळ नीट धुतला नसेल तर बोळा थोडाफार मळतो. परंतु काँक्रीटमध्ये उतरलेला रंग जागचा हलत नाही. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एखाद्या कोपऱ्यात ही परीक्षा अवश्य करावी.

त्याहून चांगले म्हणजे काम देण्यापूर्वीच स्वतःच्या कोब्याच्या एका तुकड्यावर ठेकेदाराच्याच बाटलीतील स्टेन लावून, रात्रभर ठेवून, धुवून पाहावा. त्याच वेळी पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते शोषले न जाता वरच राहिले, तर कोब्यावर आधीचा एखादा थर आहे आणि स्टेन त्यावर धरणारच नाही.

व्यवहार 77,000 रुपयांचा होता आणि त्यातील 50,000 आगाऊ गेले होते. पक्क्या बिलाचा विषय काढला की 18 टक्के जीएसटीचा बाऊ केला जाई, आणि क्यूआर कोड तिसऱ्याच व्यक्तीच्या नावाचा निघाला. तरीही बँकेची नोंद आणि संदेश हा पुरावा ठरतो. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून काही निष्पन्न न झाल्यावर आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जाता येते, स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

ठेकेदाराने आपल्या लेखी उत्तरात सारा दोष आमच्या पीपीसी सिमेंटवर टाकला आहे. त्याचा तो व्हॉट्सॲप संदेश, तारखेसह छापून, आम्ही तक्रारीला आधीच जोडलेला आहे.