टोपी सिगारची आणि माझी

हाताने वळलेल्या सिगारच्या तोंडाकडच्या टोकावर पानाचा एक छोटा गोल तुकडा चिकटवलेला असतो. त्याला टोपी म्हणतात. तशीच एक मलाही घातली गेली. घालणाऱ्याच्या तोंडून खोटं ठरवता येईल असं एकही वाक्य निघालं नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

सिगार मी महिन्याला एखाद-दुसरीच ओढतो, पण प्रत्येकीची नोंद वहीत करतो. सिगारभोवतीची नावाची कागदी पट्टी चिकटवायची, खाली चव, जळण, राख याबद्दल चार ओळी खरडायच्या. या वहीमुळेच मी स्वतःला जाणकार समजत होतो.

एका ओळखीच्यांकडे चाखण्याची बैठक होती. विक्रेता स्वतः आला होता. माणूस मृदू बोलणारा, घाई अजिबात नाही. निकाराग्वातल्या एस्तेलीचा छोटासा कारखाना, मोजक्या पेट्या, जालापाच्या खोऱ्यातलं बाहेरचं पान, आत भरपूर लिगेरो. लिगेरो म्हणजे झाडाच्या शेंड्याकडची पानं, सर्वांत कडक आणि सावकाश जळणारी. सिगार हातात द्यायच्या आधी त्याने प्रत्येकाला एक जाड कार्ड दिलं. त्यावर चवी छापलेल्या : सिगारच्या पहिल्या तृतीयांशात काळी मिरी आणि सीडरचं लाकूड, मध्ये कोको, शेवटी भाजलेली कॉफी.

सिगार खरोखर उत्तम होती. रोबुस्तो आकाराची, पाच इंच लांब, ५० रिंगची. रिंग म्हणजे इंचाचा ६४वा भाग, तेव्हा जाडी जवळपास २० मिलिमीटर. बाहेरच्या पानावर तेलाची मंद चमक, शिरा बारीक, आणि टोपीच्या कडेला वेढ्यांच्या तीन रेषा स्पष्ट दिसत होत्या. न पेटवता ओढून पाहिली तर हवा अगदी बेताच्या अडथळ्याने आली. राख इंचभर टिकली. मी वहीत भरभरून लिहिलं आणि तिथल्या तिथे वीस सिगारची पेटी नोंदवली.

पेटी घरपोच आली तेव्हा सोबत निरोप होता : ‘सर, प्रवासातून आल्या आहेत, तीन आठवडे विश्रांती द्या.’ सल्ला शंभर टक्के खरा आहे. प्रवासात ओलावा वर-खाली झालेला असतो, ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवल्यावर सिगार सावरते. मी पेटी मुकाट्याने ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे ओलावा राखणाऱ्या डब्यात ठेवली. तक्रारीची मुदत सात दिवसांची होती, हे पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं मी चौथ्या आठवड्यात वाचलं.

पहिली पेटवली आणि नाकात अमोनिया गेला. तंबाखूची पानं ढिगात रचून नीट आंबवली नाहीत की हा वास राहतो. दहा मिनिटांत सिगार आतून पोखरल्यासारखी जळायला लागली, बाहेरचं पान तसंच आणि मध्ये बोगदा. राख शर्टावर भुरभुरली. तरी मी म्हटलं, एखादी बिघडते. हाताचं काम आहे.

दुसरी ओढताना अंगठा तपकिरी झाला. मादुरो म्हणजे जास्त आंबवून गडद केलेल्या पानाचा थोडा रंग ओठाला लागू शकतो, ते फारसं वावगं नाही. पण मी कागदी रुमालाचं टोक ओलं करून पानावरून एकदाच फिरवलं, तर शाई सांडल्यासारखा पट्टा उमटला. खाली उघडी पडलेली जागा फिकट, मळकट पिवळी. म्हणजे मादुरो नव्हतंच ते, रंगवलेलं होतं.

मग मात्र राहवलं नाही. तिसरी न पेटवता पांढऱ्या कागदावर ठेवली आणि ब्लेडने टोपीपासून खालपर्यंत चिरली. चांगल्या सिगारमध्ये पानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग जातात, चुण्या घालून दुमडलेली. त्यालाच लाँग फिलर म्हणतात. इथे कागदावर चुरा सांडला. नखाएवढे तुकडे, मध्येच देठाच्या काड्या. त्याभोवतीचं बाइंडरचं, म्हणजे आतला भरणा बांधून ठेवणारं पान उचलून दिव्यासमोर धरलं तर एकही शीर नाही, पाकिटाच्या खाकी कागदासारखं सपाट. तंबाखूचा लगदा करून त्याचे असे तक्ते काढतात, पान म्हणून नाही तर कागद म्हणून. आतला गाभा यंत्राने बांधायचा आणि वरचं पान तेवढं हाताने गुंडाळायचं, ही रीत जुनीच आहे आणि स्वस्त सिगार म्हणून उघडपणे विकली तर त्यात गैरही काही नाही.

फोन केला. ‘सर, हाताने वळलेलं आहे, दोन सिगार सारख्या कशा असतील?’ हेही खरंच. पेटी उलटून पाहिली तर तिथे फक्त ‘हाताने गुंडाळलेली’ असं होतं. लाँग फिलर हा शब्द बैठकीत, कार्डावर, पेटीवर कुठेच आला नव्हता, तो मी मनातच धरून चाललो होतो. क्यूबाच्या पेट्यांवर १९८९पासून नुसतं ‘हाताने’ नाही तर ‘पूर्णपणे हाताने’ अशा अर्थाचा स्पॅनिश शिक्का मारतात. तो ‘पूर्णपणे’ उगाच नाही.

पैसे गेले ते गेले. जास्त झोंबली ती वही. बैठकीतलं पान उघडलं तर काळी मिरी, सीडर, कोको, भाजलेली कॉफी. कार्डावरचेच शब्द, त्याच क्रमाने, माझ्या अक्षरात. बरं, कॉफी येणार होती शेवटच्या तृतीयांशात, आणि मला पक्कं आठवतं, मी ती सिगार अर्धी झाल्यावरच खाली ठेवून पेटीची चौकशी करायला उठलो होतो. पट्टी चिकटवलेली होती म्हणून शेजारी पेटीतली पट्टी धरली. बैठकीतलीचं सोनेरी काम बोटाला उठावदार लागत होतं, पेटीतलीचं सपाट, आणि कडेची रेघ किंचित सरकलेली.

आता मी पट्टी काढून, सिगार दुसऱ्याच्या हातून घेऊन ओढतो आणि लिहून झाल्यावरच नाव विचारतो. घरातल्या माणसांना हे खूळ वाटतं. (धूर तोंडातच घोळवून सोडायचा असला तरी निकोटीन तोंडाच्या आतल्या अस्तरातून अंगात जातंच आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही राहतो, तेव्हा त्यांचं बाकीचं म्हणणं मला खोडता येत नाही.) पेटी घ्यायचीच तर त्याच पेटीतली एक आधी सुटी मागतो, बैठकीतली नव्हे. पेटवायच्या टोकाकडे भिंगातून बघतो, तिथे पानांच्या घड्या दिसतात की ठेचून भरलेला चुरा, ते बऱ्यापैकी कळतं. फक्त त्यावर विसंबू नका. चुऱ्याभोवती लांब पानाचा एक थर गुंडाळलेल्या सिगारही असतात, त्या टोकाला साळसूद दिसतात. राख किती टिकते यावरून तर काहीच ठरवू नका, मी त्यावरच भुललो. विश्रांतीचा सल्ला मिळाला तर पेटी खुशाल ठेवा, पण एक सिगार मुदतीच्या आत कापून बघा. जीव तुटतो, पण कापा.

मध्यंतरी त्याचा पुन्हा फोन आला. आवाज तसाच मृदू. ‘सर, नवीन बॅच आली आहे, खास तुमच्यासाठी दोन पेट्या बाजूला ठेवल्यात.’

म्हटलं, घेतो. माझ्यासमोर पेटी फोडा, मी बोट ठेवीन ती एक ब्लेडने उभी चिरून दाखवा, तिचेही पैसे देतो.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, ‘सर, पण कापलेली सिगार ओढणार कोण?’