जळगावात कॅलप्रोटेक्टिन टेस्ट केली, लॅबचा अनुभव

लहान भाऊ अमळनेरला असतो, श्रावणात त्याचं पोट बिघडलं ते तीन आठवडे थांबेना. डॉक्टरांनी स्टूल कल्चर (शौचात कुठला जंतू आहे ते बघायची तपासणी) आणि फीकल कॅलप्रोटेक्टिन (शौचातल्या एका प्रथिनावरून आतड्याची सूज मोजायची) दोन्ही लिहून दिलं म्हणून जळगावला रिंग रोडवरच्या एका लॅबमधे घेऊन गेलो.

कॅलप्रोटेक्टिन आलं ४८०, नॉर्मल असतं ५० च्या खाली. आई रडायलाच लागली, "आते काय व्हई रे भाऊ", कारण आम्ही आधीच मोबाईलवर शोधून बसलेलो आणि तिथं सगळीकडे आतड्याचा कायमचा आजार असंच वाचलं होतं.

लॅबच्या मॅडमनी आम्हाला आत बसवलं आणि वीसेक मिनिटं समजावलं, स्टार त्याचेच देतोय. आतड्याला सूज आली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथं धावतात, त्यांच्यात हे कॅलप्रोटेक्टिन ठासून भरलेलं असतं आणि ते झिंक, मँगनीज धरून ठेवतं म्हणजे जंतूची उपासमार. मी विचारलं मग एवढं ४८० असून जंतू मेला का नाही? कल्चरमधे साल्मोनेला निघाला होता. तर म्हणाल्या त्याच्याकडे झिंक ओढायचा खास पंप असतो, अगदी थोडं उरलं तरी ओढतो. यावल-रावेरकडे पाणी खाली गेलं की ज्याची बोअर खोल त्याचीच केळी टिकते ना, तसं. बाकीचे आतड्यातले जंतू सुकतात आणि याला मोकळं रान, म्हणजे सूज उलट याच्याच पथ्यावर पडते!

लोहाचं तर अजून भारी आहे. लोह गोळा करायला जंतू एंटेरोबॅक्टिन सोडतात, ते पकडायला आपलं शरीर लिपोकॅलिन-२ सोडतं, मग साल्मोनेला त्याच एंटेरोबॅक्टिनला साखर चिकटवतो, त्याला साल्मोकेलिन म्हणतात, आणि ते लिपोकॅलिनच्या पकडीत बसतच नाही. मी बीएस्सी केलंय पण हे असं कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मुख्य म्हणजे त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा आकडा सूज आहे एवढंच सांगतो, कशामुळे ते नाही, इन्फेक्शननेही वाढतो, म्हणून बरं वाटल्यावर परत करा आणि त्याआधी पेनकिलर घेऊ नका कारण त्या गोळ्यांनीही वाढतो. सहा आठवड्यांनी परत केली, ३८. आईने तिथंच हात जोडले.

तक्रार एवढीच की रिपोर्ट दोन दिवसांत म्हणाले आणि चार दिवस लागले, सॅम्पल बाहेर पाठवतात हे आधी सांगायला पाहिजे होतं, घरात माणूस आजारी असताना दोन दिवस फार मोठे वाटतात. फोनही पटकन उचलत नाहीत. पैसे दोन हजारांच्या आसपास गेले.

पाचपैकी चार. डबी आदल्या दिवशीच घेऊन ठेवा आणि सकाळी सातला जा, नंतर गर्दी होते. मॅडम दुपारनंतर भेटतात, रिपोर्ट घ्यायला तेव्हाच जा.