शेतावरच्या टॅबला स्वतःचं सिम हवं का? मुरबाडच्या बांधावरून एक हिशेब

राहायला ठाण्यात आणि शेत मुरबाडला, अशी आमच्यासारखी बरीच मंडळी आहेत. शनिवारी पहाटे कल्याणमार्गे निघायचं, रविवारी रात्री बुटांना चिखल घेऊन परतायचं. कधीतरी वाटतं, फवारणीची नोंद, खताच्या पावत्या, मजुरी, शेताचा नकाशा हे सगळं एका टॅबवर असावं. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो: "नुसता वाय-फायवाला देऊ, की सिमवाला?"

मी वाय-फायवाला घेतला. फोनचा हॉटस्पॉट आहेच, मग दुसरं सिम कशाला पोसायचं? हिशेब बरोबर होता, पण तो फक्त इंटरनेटचा होता.

सोसायटीत नकाशा उघडला तेव्हा निळा ठिपका अचूक आमच्या इमारतीवर. शेतावर उघडला, तर ठिपका ओढ्यापलीकडे, भलत्याच्याच खाचरात. कारण नंतर कळलं. त्या टॅबमध्ये जीपीएस नव्हताच. शहरात आजूबाजूच्या वाय-फायच्या खुणांवरून तो जागा ओळखायचा, आणि भाताच्या खाचरात कुणाचं वाय-फाय असणार?

इथेच खरी मेख आहे. आयपॅड घेत असाल तर लक्षात ठेवा, वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो, सेल्युलरवाल्यात, म्हणजे सिमवाल्यात, असतो. अँड्रॉइडचं तसं सरसकट नाही. अनेक वाय-फाय टॅबमध्ये जीपीएस असतो, काही स्वस्त मॉडेलमध्ये नसतो. त्यामुळे विक्रेत्याच्या "हो हो, सगळं आहे"वर न जाता खोक्यावरची किंवा कंपनीच्या साइटवरची यादी वाचा.

उलट गैरसमजही आहे, की जीपीएसला सिम लागतं. लागत नाही. तो फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतो. नेट असेल तर ठिपका लवकर लागतो, नसेल तर मोकळ्या आभाळाखाली थोडं थांबावं लागतं, इतकंच. नकाशा घरच्या वाय-फायवर आधीच उतरवून न्यायचा. अचूकतेची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. मोकळ्यावर साधारण पाच मीटरची चूक धरायची, म्हणजे सोळा फूट. गुंठ्याची बाजू तेहतीस फुटांची, त्यामुळे कुठल्या खाचरात उभे आहोत ते कळेल, बांधाचा वाद सुटणार नाही. त्याला मोजणीच हवी.

आता कनेक्शनचं. टॅब कुणाच्या हातात राहणार, यावर निम्मा निर्णय होतो.

तो तुमच्या पिशवीतून येणार आणि पिशवीतूनच परत जाणार असेल, तर हॉटस्पॉट पुरतो. नोंदी लिहायला डेटा नगण्य लागतो. फोटो तीन-चार एमबीचा धरला आणि दिवसाला दहा काढले, तरी महिन्याला सव्वा जीबीच्या आसपास. हे फोनच्या रोजच्या डेटात सहज बसतं. त्रास दोनच: फोनची बॅटरी भराभर उतरते, आणि फोन खिशात घेऊन तुम्ही पंपाकडे गेलात की गोठ्यातला टॅब बसला गप्प.

टॅब शेतावरच राहणार असेल, म्हणजे काका किंवा गडी रोजची नोंद करणार आणि तुम्ही ठाण्यातून पाहणार, तर सिम हवंच. भेंडीसारखा निर्यातीचा माल करणाऱ्यांना तर फवारणीची तारीख, औषध, प्रमाण लिहून ठेवावं लागतं. ते शनिवारपर्यंत आठवून लिहायचं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री वही पूर्ण करण्यासारखं. "काका, फोटो पाठवलात का?" म्हणून रोज फोन करण्यापेक्षा रिचार्ज स्वस्त.

पण सिम घ्यायचंच तर फोनच्या कंपनीचं घेऊ नका. मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देतो. फोनची रेंज गेली तिथे त्याच कंपनीच्या टॅबचीही जाणार, मग जादा पैसे कशाला? दुसऱ्या कंपनीचं असेल तर खरा पर्याय मिळतो. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमानुसार कंपन्यांना आपल्या साइटवर रेंजचे नकाशे द्यावे लागतात, ते जरूर बघा. पण नकाशावर हिरवं असलेलं शेत डोंगराच्या कुशीत असलं की गणित बदलतं. पावसाळ्यात लाइट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते. शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा फोन घेऊन सगळ्यात लांबच्या खाचरात जा आणि तिथून एक फोटो पाठवून बघा. नुसता कॉल लावू नका. टूजीवर आवाज येतो, फोटो जात नाही.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. रब्बी उरकली की टॅब कपाटात जातो. सलग 90 दिवस सिमचा काहीच वापर झाला नाही, तर कंपनी ते बंद करू शकते. मार्चमध्ये ठेवलेला टॅब जूनमध्ये भाताच्या रोपांसाठी राब टाकताना काढलात, तर सिम गेलेलं असायचं. मधे एकदा रिचार्ज मारून थोडं नेट वापरा.

टॅबमधल्या सिमने काय होत नाही, तेही सांगतो. आधारचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जाणार. तो नंबर वडिलांचा असेल तर टॅबमध्ये कितीही भारी सिम घाला, ओटीपी त्यांनाच विचारायचा. पंपाची मोटार फोनवरून चालू-बंद करायची असेल तर सिम स्टार्टरला लागतं, टॅबला नाही.

गोठ्यावर सिमवाला राउटर बसवायचा तिसरा मार्गही आहे. कॅमेरे लावणार असाल तर तो घ्याच, टॅबचंही काम त्यात भागेल. फक्त टॅब गोठ्यापासून लांब गेला की वाय-फाय सुटतं.

पैशांचं म्हणाल, तर अँड्रॉइडमध्ये सिमवाला बहुधा काही हजारांनी महाग पडतो. तेवढ्यासाठी मी आता मागेपुढे पाहणार नाही, सिम घालायचं नसलं तरी सिमची खाच आणि जीपीएस दोन्ही हाताशी असतात. आयपॅडमध्ये फरक पंधरा हजारांच्या घरात जातो. तेवढ्यात जीपीएसवाला बरा अँड्रॉइड टॅब वेगळाच येतो, आणि खाचरात पडला तर जीवही कमी जळतो.