बंगल्याच्या आवारातला स्विमिंग पूल: पैशांआधी पाणी, माती आणि माणूस मोजा

निकाल आधीच सांगून टाकतो. घरात पाच ते चौदा वर्षांची मुलं आहेत, कुटुंब बारा महिने त्याच बंगल्यात राहतं, मे महिन्यातही टँकर न मागवता पाणी पुरतं आणि रोज वीस मिनिटं पूलसाठी देणारं कुणीतरी घरात आहे, अशा घराला पक्का पूल परवडतो आणि तो वापरलाही जातो. यातली एक गोष्ट नसेल, तर आधी फ्रेमचा तात्पुरता पूल घेऊन दोन उन्हाळे काढावेत. शनिवार-रविवारपुरत्या फार्महाऊसला पक्का पूल सहसा तोट्याचाच पडतो. पाण्याला सुट्टी नसते. मालक नसला तरी ते उरलेले पाचही दिवस सांभाळावं लागतं.

पुणे, नाशिक, कर्जत, अलिबाग या भागांत घरगुती पूलचं ठरलेलं माप म्हणजे २० फूट लांब, १० फूट रुंद, ४ फूट खोल. यात सुमारे २२,६०० लिटर पाणी मावतं, म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर भरून वर आणखी थोडं. पण पहिल्या भरणीचं पाणी फारसं नडत नाही, रोजची तूट नडते. एप्रिल-मेमध्ये देशावर उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ७ ते १० मिलिमीटर उतरते. २०० चौरस फुटांच्या पृष्ठभागावर ८ मिलिमीटर म्हणजे दीडशे लिटर. आठवड्याच्या बॅकवॉशला (फिल्टर उलट्या पाण्याने धुण्याला) तीनेकशे लिटर जातात, मुलांच्या उड्यांत बाहेर सांडतं ते वेगळं. उन्हाळ्यात महिन्याला सहा हजार लिटर टाकायची तयारी ठेवा. रात्री ताडपत्रीचं किंवा बबलचं आच्छादन घातलं तर बाष्पीभवन बरंच आटोक्यात येतं. मात्र त्या सैल आच्छादनावर मूल चढलं तर ते पाण्यातच जातं. त्याला सुरक्षेचं झाकण समजू नका.

फ्रेमचा पूल

इंटेक्ससारख्या कंपन्यांचे लोखंडी नळ्या आणि जाड पीव्हीसी कापडाचे पूल बाजारात सहज मिळतात. ३ मीटर × २ मीटर × ७५ सेंटिमीटरचं मॉडेल ३,८३४ लिटरचं आहे, ४.५ मीटर × २.२ मीटर × ८४ सेंटिमीटरचं ७,१२७ लिटरचं. दोन माणसं तासाभरात उभा करतात. पैशांच्या मानाने ही वस्तू उत्तम आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना यात पूर्ण मजा मिळते, आणि तुमचं कुटुंब खरोखर किती दिवस पाण्यात उतरतं याचा हिशेब हातात येतो.

दोन चुका मात्र सर्रास होतात. पहिली, जमीन सपाट न करणं. एका टोकाला दोन इंचांचा उतार असला तरी पाण्याचा सगळा रेटा खालच्या बाजूच्या कापडावर आणि नळ्यांवर येतो. माती घालून खालची बाजू उचलू नका, ती दबते. उंच बाजू खरवडून काढा, खडे वेचा आणि जाड ताडपत्री अंथरा. दुसरी चूक गंभीर आहे: हा पूल गच्चीवर मांडणं. ३,८३४ लिटर पाणी ६ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ६४० किलो. राहत्या इमारतीची गच्ची साधारण १५० ते २०० किलोच्या वापरभारासाठी आखलेली असते. स्लॅब लगेच कोसळला नाही म्हणजे तो पेलतोय असं होत नाही. वाक येतो, तडे जातात, मग पावसात गळती सुरू होते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय गच्चीवर पाणी भरायचंच नाही.

लहान मॉडेलसोबत फिल्टर येत नाही. फिल्टर नसेल तर उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी बदलावं लागतं. तेव्हा कार्ट्रिज फिल्टर असलेला छोटा पंप सोबतच घ्या. काढलेलं पाणी क्लोरीन उतरू देऊन दोन-तीन दिवसांनी झाडांना घालता येतं.

तयार फायबरचा पूल

कारखान्यात ओतलेलं फायबरग्लासचं भांडं ट्रेलरवरून येतं आणि क्रेनने खड्ड्यात बसतं. खड्डा तयार असेल तर काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. भिंती गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरतं आणि टाइलच्या फटी घासाव्या लागत नाहीत. आधी रस्ता मोजा: दहा फूट रुंदीचं भांडं गावठाणातल्या बोळातून जात नाही, आणि क्रेनच्या वाटेत विजेच्या तारा नकोत. बसवताना बाहेरची भरणी आणि आतलं पाणी बरोबरीने, एकेक फुटाने वर चढवत न्यायचं. कंत्राटदाराने घाईत बाहेरून आधी सगळं भरलं तर भिंत आत फुगते, आणि ती परत सरळ होत नाही. पाचसात वर्षांत रंग फिकट पडतो. जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, हलका असेल तर फोड येतात. जागेला क्रेन पोचत असेल तर मध्यम बजेटला आमची पसंती यालाच.

आरसीसीचा पूल

हवा तो आकार, हवी ती खोली, आणि नीट बांधला तर सर्वांत टिकाऊ. पण ‘नीट’ या शब्दातच सगळं आलं.

सुरुवात मातीपासून करा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर थेट टाकी बसवली तर दोन-तीन वर्षांत कोपऱ्यात तडा ठरलेला. काळी माती पूर्ण काढून पक्क्या मुरमापर्यंत जायचं, मुरूम पाणी मारून थराथराने दाबायचा, सोलिंग (दगडांचा थर) आणि पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) करायची, मग राफ्ट, म्हणजे तळाचा सलग स्लॅब. कोकणात जांभा लागला तर पाया भक्कम मिळतो. तिथे अडचण वेगळी: जुलैत भूजल वर येतं, आणि अशा वेळी पूल रिकामा केला तर अख्खी टाकी होडीसारखी उचलली जाते. तळाशी हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालच्या पाण्याचा दाब वाढला की ते आत सोडणारी झडप) बसवून घ्या आणि पावसाळ्यात पूल कधीही रिकामा करू नका.

भिंत ६ ते ८ इंच, सळईची दुहेरी जाळी, किमान एम-२५ काँक्रीट. गळती सहसा सलग भिंतीतून होत नाही. ती होते राफ्ट आणि भिंतीच्या सांध्यात, पाइप भिंतीतून जातो तिथे, आणि दिव्याच्या खोबणीत. सांध्यात वॉटर बार (पाणी अडवणारी पट्टी) आणि पाइपला पडल फ्लँज (पाइपभोवतीची पाणी अडवणारी चकती) टाकलेली स्वतः पाहा, शक्यतो फोटो काढून ठेवा. भिंत उभी राहिल्यावर हे तपासायला काही मार्ग उरत नाही. पाइप मातीत गाडण्याआधी प्रेशर देऊन एक दिवस ठेवायचे. टाइल लावण्याआधी पूल काठोकाठ भरून सात दिवस पातळी बघायची. कंत्राटदार हमखास म्हणतो, “साहेब, पाणी उन्हाने कमी झालं.” त्यावर बादलीची चाचणी आहे. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा, दोन्हीकडे खूण करा, पंप बंद ठेवा. चोवीस तासांनी दोन्ही सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. पूल जास्त उतरला तर गळती. ही चाचणी झाल्याशिवाय टाइलचा हप्ता देऊ नका.

टाइल काचेची मोझॅक आणि सांधे इपॉक्सी ग्राउटचे. साधा पांढरा सिमेंट भरला तर क्लोरीनने दोन वर्षांत झडतो. काठाला गुळगुळीत ग्रॅनाइट घालू नका, ओल्या पायाने घसरायला होतं; खरबरीत कोटा किंवा फ्लेम केलेला दगड चालतो. काठोकाठ ओसंडणारा पूल फोटोत देखणा दिसतो. घरगुती वापराला आम्ही तो सुचवत नाही: ओसंडलेलं पाणी साठवायला वेगळी बॅलन्सिंग टाकी लागते, बाष्पीभवन वाढतं, खर्चही वाढतो. स्किमरचा (भिंतीतल्या खिडकीतून वरचा कचरा ओढून घेणारा) साधा पूल पुरतो. खोली सगळीकडे चार फूट ठेवा. सूर मारायला घरच्या पूलमध्ये जागा नसते, आणि एका टोकाला केलेली सात फुटांची खोली फक्त धोका आणि पाणी वाढवते.

फिल्टर, वीज, औषधं

सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे तासाला सुमारे ३,८०० लिटर. त्यासाठी ४०० मिलिमीटर व्यासाचा वाळूचा फिल्टर आणि अर्धा ते पाऊण एचपीचा पंप पुरतो. त्याहून मोठा पंप विकायला कंत्राटदार उत्सुक असतात, पण छोट्या फिल्टरमध्ये जोराचं पाणी गेलं की घाण वाळूतून आरपार जाते. पाऊण एचपी रोज सहा तास चालला की महिन्याला सव्वाशे ते दीडशे युनिट. घरच्या मीटरवर हे जोडलं की महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये गेलेली युनिटं महाग पडतात, हे धरूनच हिशेब करा. फिल्टरवरचा दाबाचा काटा फिल्टर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्धा किलो वर गेला की बॅकवॉश: पंप बंद, व्हॉल्व्हची मूठ फिरवा, पंप चालू, काचेत पाणी नितळ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स. पंप चालू असताना मूठ फिरवली तर आतलं स्पायडर गॅस्केट फाटतं.

औषधांत सर्वाधिक घोळ होतो. पीएच ७.२ ते ७.६ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), हे दोन आकडे रोज बघायचे. ब्लीचिंग पावडर स्वस्त, पण तिचा चुना तळाशी बसतो आणि देशावरच्या जड बोअरच्या पाण्यात पांढरे थर वाढवतो. टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल, क्लोरीन सोडणारं औषध) सोयीचं आहे: या मापाला रोज साधारण ६० ग्रॅम. मात्र त्यासोबत सायन्युरिक आम्लही पाण्यात जातं, महिन्याला ४० पीपीएमच्या आसपास. ते ३० ते ५० पर्यंत उन्हापासून क्लोरीन वाचवतं. शंभरच्या पुढे गेलं की क्लोरीन असूनही काम करत नाही आणि पाणी हिरवं पडतं. मग लोक आणखी टीसीसीए ओततात. त्यावर एकच इलाज आहे, थोडं पाणी काढून नवं भरणं. पन्नास ओलांडले की द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटवर या. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकाच डब्यातून किंवा एकाच मगाने सुद्धा नाही, पेट घेतं. आम्ल आणि क्लोरीनचं द्रावण एकत्र आलं तर विषारी वायू होतो. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पहिल्याच क्लोरीनला सगळं पाणी तांबूस होतं. म्हणून भरण्याआधी शंभर-दोनशे रुपयांचा विचार न करता पाणी तपासून घ्या.

डोळे चुरचुरले की ‘क्लोरीन जास्त झालं’ असं म्हणतात. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं: घाम, लघवी आणि डोक्याचं तेल यांच्याशी झगडून थकलेलं क्लोरीनच चुरचुरतं आणि वास मारतं. तेल लावून पाण्यात उतरायची सवय असेल तर टाइलवर चिकट काळी रेघ उमटते. काठाशी एक शॉवर बसवा आणि आधी अंघोळ हा नियम पाळा.

आठवडाभर बंद राहणाऱ्या फार्महाऊसचं गणित इथेच बिघडतं. पंप टायमरवर लावता येतो, पण एप्रिलमध्ये दोन दिवस वीज गेली की पाणी हिरवं. पावसाळ्यात न फिरणाऱ्या पाण्यात डासांची अंडी आठ-दहा दिवसांत डास होऊन उडतात. कोमट, क्लोरीन नसलेल्या पाण्यात नेग्लेरियासारखा अमीबाही वाढू शकतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले आहेत. केअरटेकरला रोजची चाचणी आणि नोंदवही शिकवली नसेल, तर पूलचं झाकण काढूच नका.

मुलांसाठी कुंपण

यात तडजोड नाही. मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटून आवाजही फारसा होत नाही. काही मिनिटांत सगळं संपतं. चारही बाजूंनी किमान चार फुटांचं कुंपण, गजांमधलं अंतर चार इंचांहून कमी, चढायला आडवे गज नाहीत, दार आपोआप मिटणारं आणि कडी वरच्या बाजूला. घराची भिंत ही चौथी बाजू धरली तर हॉलचं दार उघडून मूल थेट पाण्यावर येतं. तळाचे ड्रेन एकाऐवजी दोन, एकमेकांपासून लांब, फुगीर जाळीचे हवेत, म्हणजे केस किंवा अंग ओढलं जाऊन अडकत नाही. दंडातले फुगे हे खेळणं आहे. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे, पूलच्या सगळ्या विजेवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

किती दिवसांना किती रुपये

बांधकाम, फिल्टर प्लांट, कुंपण आणि कर धरून १० लाख लागले आणि पूल १५ वर्षं चालला असं समजू. वर्षाला ६६ हजार. वीज, औषधं, पाणी आणि थोडी माणसाची मजुरी मिळून महिना ६ हजार, म्हणजे वर्षाला ७२ हजार. एकूण १ लाख ३८ हजार. वर्षात ६० दिवस पोहणं झालं तर दर दिवशी २,३०० रुपये. १२० दिवस झालं तर १,१५०. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पाणी इतकं गार असतं की मुलं पाय घालून परत येतात, त्यामुळे तिथे १२० चा आकडा गाठायला रोजची सवय लागते. किनारपट्टीला तो सोपा जातो.

मुलांना पोहायला शिकवणं एवढाच हेतू असेल तर त्यासाठी घरचा पूल नको. दादरच्या शिवाजी पार्कचा महापालिकेचा तलाव असो किंवा पुण्यातला टिळक तलाव, तिथे प्रशिक्षक असतो, जीवरक्षक असतो आणि बरोबरीची मुलं असतात. घरच्या पूलमध्ये शिकवणारा शेवटी तुम्हालाच शोधावा लागतो.