राउटरखालच्या स्टिकरचा फोटो

गेल्या पावसाळ्यात इंटरनेट कंपनीकडून आल्याचे सांगून एक तंत्रज्ञ आमच्या सोसायटीत घरोघरी फिरला. वायफाय नीट सुरक्षित नसेल तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागतो, हे पटवताना त्याने दिलेला दाखला खरा होता: २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धाडलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका रहिवाशाच्या वायफायवरून गेला होता आणि त्या निरपराध माणसाला चौकशीला तोंड द्यावे लागले होते. मी घाबरून १,२०० रुपये दिले.

नवा पासवर्ड त्याने मलाच टाइप करायला लावला आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. त्या सभ्यपणामुळेच माझा विश्वास बसला. जाताना मात्र राउटर उलटा करून खालच्या स्टिकरचा फोटो घेतला. विचारल्यावर "वॉरंटीसाठी लागतो" म्हणाला.

महिन्याभरात जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी मोबाइल दिसू लागले. मी दोनदा पासवर्ड बदलला, तरी आठवड्याभरात ते परत हजर. अखेर संगणकशास्त्र शिकणाऱ्या भाचीने स्टिकरवरच्या आठ आकड्यांवर बोट ठेवले. तो डब्ल्यूपीएसचा, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण वायफायला जोडण्याच्या सोयीचा, पिन होता. डब्ल्यूपीएस चालू असेल, तर हा पिन देणाऱ्याला राउटर त्या वेळचा पासवर्ड स्वतःच कळवतो, मग पासवर्ड कितीही लांबलचक असो. फोटो नसला तरी धोका टळत नाही, कारण राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडू शकतो. हे २०११ सालीच उघड झाले आहे. खालच्या गाळ्यातील कामगारांकडून कळले, की तो तंत्रज्ञ दरमहा २०० रुपये घेऊन त्यांना माझेच वायफाय जोडून देत होता.

आम्ही आधी डब्ल्यूपीएस बंद केले आणि मगच पासवर्ड बदलला. हा क्रम चुकवू नये. त्याने टीकेआयपी (माहिती सांकेतिक करण्याची जुनी, कमकुवत पद्धत) आणि एईएस (भक्कम पद्धत) असा मिश्र पर्याय ठेवला होता, तो काढून डब्ल्यूपीए-२ या वायफाय सुरक्षेच्या प्रकाराबरोबर फक्त एईएस निवडले. ज्यांच्या राउटरमध्ये त्यापुढचा डब्ल्यूपीए-३ हा प्रकार आहे त्यांनी तेच घ्यावे. डब्ल्यूईपी या सर्वांत जुन्या प्रकाराची सुरक्षा भेदता येते हे २००१ मध्येच दिसले आहे, तो मुळीच निवडू नये. सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्डही त्याला ठाऊक होता, म्हणून तोही बदलला.

पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे. आमच्या विंगमधील नऊ घरांत त्याने पैसे घेतले होते. त्यांपैकी सात घरांत डब्ल्यूपीएस बंद झाले. दोन जुन्या राउटरमध्ये ते बंद करण्याची सोयच नाही, त्यामुळे ते बदलावे लागणार आहेत.