गणपती ते मिरग: कोंबड्यांसाठी घेतलेल्या तीन कप्प्यांच्या पेटीचा अनुभव

परसात कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांची तक्रार एकच असते. कोंबडी अंडी घालते, पण ती आपल्या हाती लागत नाहीत. आमच्याकडे सिंधुदुर्गात मोकळं सोडलं की कोंबडी कधी मांगरातल्या, म्हणजे शेतघरातल्या, गवतात, कधी केळीच्या बुंध्याशी, कधी लाकडांच्या राशीमागे जाऊन बसते. त्यातली बरीच अंडी मुंगूस नाहीतर घोरपड खाते. जी सापडतात ती किती जुनी आहेत हे बघायला पाण्यात सोडावी लागतात. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं आणि फार जुनं वर तरंगतं. रोज हा उद्योग नको म्हणून गेल्या गणपतीआधी कोंबड्यांना अंडी घालायला तीन कप्प्यांची पत्र्याची पेटी ऑनलाइन मागवली. आता मिरग, म्हणजे मृगाचा पाऊस, तोंडावर आलाय. तिन्ही ऋतूंत ती कशी चालली ते सविस्तर लिहिते.

पेटी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची आहे. प्रत्येक कप्पा फूटभर रुंद, जवळपास तेवढाच उंच आणि आत थोडा जास्त खोल. तळ मागच्या बाजूला उतरता, फुटाला इंच-दीड इंच उतार असावा. त्यावर रबरी चटई आहे. अंडं घातलं की ते घरंगळत मागच्या ट्रेमध्ये जातं, आणि ट्रेवर बिजागरीचं झाकण आहे. पुढे चढायला लाकडी दांडी आहे, ती रात्री वर दुमडली की कप्पे बंद होतात. किंमत साडेचार हजारांच्या घरात पडली. आमच्याकडे बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. कोंबड्यांत काही गावठी, काही ग्रामप्रिया. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली जात. चार-पाच कोंबड्यांमागे एक कप्पा या हिशेबाने तीन कप्पे पुरतात. प्रत्यक्षात मात्र डावीकडचा सगळ्यात अंधारा कप्पा सगळ्यांना हवा असतो. दोन कप्पे रिकामे असताना तिसऱ्यापुढे दोघी-तिघी थांबलेल्या असतात. हे सगळीकडे होतं, त्यात पेटीचा दोष नाही.

पेटी चांगली आहे, पण नुसती आणून ठेवली तर कोंबडी तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. कोंबडी तीन गोष्टी बघते: अंधार, आडोसा आणि आधी घातलेलं अंडं. अशा उतरत्या तळाच्या पेटीत पहिल्या दोन गोष्टी मिळतात, तिसरी मिळत नाही. अंडं लगेच दिसेनासं होतं, मग नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगेला ही जागा कशासाठी आहे हे कळणार कसं? पेटीबरोबर आलेल्या कागदावर याबद्दल एक ओळ नव्हती. कंपन्यांनी हे छापायलाच हवं. ते न कळल्यामुळे लोक महिनाभरात पेटी अडगळीत टाकतात आणि पैसे वाया गेले म्हणतात.

म्हणून सुरुवातीला मी चटया काढून ठेवल्या. मागच्या फटीपुढे पट्टी लावली, खाली फळीचा तुकडा सारून तळ सपाट केला, त्यावर भाताच्या तुसाचा थर आणि वर बारीक कापलेला पेंढा घातला. प्रत्येक कप्प्यात लाकडाची दोन अंडी ठेवली. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत, तिथून बिनरंगाची, खऱ्या अंड्याएवढी कातून आणली. प्लास्टिकची पोकळ अंडी कोंबडी पायाने उडवून बाहेर टाकते. लाकडी जड असतात, जागेवर राहतात. कप्प्यांच्या तोंडावर जुन्या गोणपाटाच्या पट्ट्या अर्ध्यापर्यंत सोडल्या, त्याने आतला अंधार वाढला.

दुसरं काम वेळेचं. बहुतेक अंडी उजाडल्यापासून दुपारपर्यंत घातली जातात. एक अंडं तयार व्हायला 25 तासांच्या आसपास लागतात, त्यामुळे रोजची वेळ थोडी थोडी पुढे सरकते. सरकत सरकत दुपार उलटली की कोंबडी एक दिवस खाडा करते. सवय लागेपर्यंत कोंबड्या सकाळी अकरापर्यंत खुराड्यातच ठेवल्या, दाणा-पाणी आतच दिलं. मोकळं सोडायची घाई केली असती तर सगळी अंडी मांगरात गेली असती. सासूबाईंना हे पटत नव्हतं. ‘गो, कोंबड्यांका कोंडून ठेवतंस कित्याक?’ म्हणायच्या. पण रोजची अंडी हातात यायला लागली तशी सकाळी ट्रे बघायला त्याच आधी जायला लागल्या.

ग्रामप्रिया लवकर सरावल्या. गावठीपैकी काही दिवाळीपर्यंत अडून बसल्या. त्यांच्यासाठी एक उपाय लागू पडला. त्यांची लपायची जागा शोधून तिथलंच गवत उचललं, पेटीत घातलं, आणि ती मूळ जागा दगड-लाकडं रचून बंद केली. चोरटं घरटं सापडलं की सगळी अंडी एकदम उचलायची नाहीत, नाहीतर कोंबडी आणखी लांब, आणखी अडचणीची जागा शोधते. एखादं लाकडी अंडं मागे ठेवावं.

कोंबडी पेटी स्वीकारते ते बघण्यासारखं असतं. आमची तांबडी आधी दांडीवर चढून मान वाकडी करून एका डोळ्याने आत बघते. खाली उतरते, पुन्हा चढते. आत गेली की पायांनी पेंढा मागे सारते, गोल फिरते, चोचीने काड्या उचलून स्वतःच्या पाठीवर टाकते. मग छाती दाबून खळगा करते आणि बसून राहते. शेवटच्या क्षणी अर्धवट उभी राहते आणि अंडं येतं, ओलं, चकचकीत. बघता बघता ते सुकतं. मग बाहेर येऊन तिचा जो कलकलाट सुरू होतो, त्याला खळ्यातून कोंबडा लगेच साथ देतो.

त्या ओल्या अंड्यावरचा लेप सुकून कवचाची छिद्रं बुजवतो. अंडं धुतलं की तो जातो आणि जंतूंना आत जायला वाट मिळते. पावसाळ्यात कोंबड्यांचे पाय चिखलाने भरलेले असतात, साध्या टोपलीतली अंडी धुतल्याशिवाय घरात घ्यावीशी वाटत नाहीत. इथे पेटीचा खरा फायदा दिसला. दिवाळीनंतर मी एकेक कप्पा पुन्हा उतरता केला, पेंढा काढून चटया बसवल्या आणि चटईच्या कडेला एक लाकडी अंडं खालून स्क्रू मारून कायमचं पक्कं केलं. ती खूण राहिली, म्हणून कुणी पेटी सोडली नाही. तेव्हापासून अंडी कोरडी आणि स्वच्छ मिळतात, फुटत नाहीत. कोंबड्यांना अंडी फोडून खायची चटक लागायची भीतीही राहिली नाही, कारण अंडं चोचीच्या टप्प्यातच राहत नाही.

कवच पातळ असेल तर मात्र कोणतीही पेटी अंडं वाचवू शकत नाही. आम्ही तिसऱ्यांची (खायच्या शिंपल्यांची) कवचं धुऊन, भाजून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवतो. कोंबडी लागेल तेवढं खाते. खाद्यात मिसळत नाही, कारण अंड्यावर न आलेल्या पिल्लांना एवढा चुना मूत्रपिंडाला बाधतो.

डिसेंबरात अंडी कमी झाली. तेव्हा पेटीला दोष देऊ नका. आपल्याकडे तेव्हा दिवस 11 तासांच्या आसपास असतो, आणि कोंबडीला भरपूर अंडी घालायला 14 ते 16 तास उजेड लागतो. त्यात पिसं गळायचा काळ आला तर अंडी थांबतातच. मी दिवा लावला नाही, त्यांना विश्रांती घेऊ दिली.

आता उणिवा. वरचा पत्रा सपाट आहे. कोंबड्या रात्री त्यावर बसतात आणि सगळी घाण पेटीवर. पहिल्याच आठवड्यात वर तिरकी फळी लावावी लागली. बसायची काठी पेटीपेक्षा उंच हवी, म्हणजे त्या झोपायला तिकडे जातात. कप्प्याच्या तोंडाची कड धारदार होती. पाण्याचा जुना पाइप उभा चिरून तिच्यावर चढवला, मगच कोंबड्यांना आत सोडलं. पावसात स्क्रू गंजले, सांध्यांवरही तांबूस रेघा आल्या. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं नाही. मी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणून बदलले.

एप्रिलमध्ये पत्रा तापायला लागला. कोंबड्या कप्प्यात धापा टाकत बसायच्या, काहींनी पुन्हा केळीखाली जायला सुरुवात केली. पेटी पडवीच्या उत्तर बाजूला हलवली, वर माडाच्या झावळ्यांचा जाड थर टाकला, तेव्हा थांबलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हात ही पेटी उघड्यावर ठेवूच नये. तिकडे लाकडी पेटी बरी. पण लाकडाच्या फटींत लाल किडे राहतात. दिवसा लपतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात. पत्र्याला फटी कमी, तरी चटई उचलून खाली बघत जा. आम्ही चटया पंधरवड्याने धुऊन उन्हात वाळवतो. निरगुडीचा पाला ठेवतो तोही, पण सफाई न करता नुसत्या पाल्याचा उपयोग नाही.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या गावठी कोंबडीसाठी ही पेटी कामाची नाही. तिच्याखाली अंडी राहत नाहीत, तरी ती उठत नाही आणि कप्पा अडवून ठेवते. पिल्लं हवी असतील तर अंधाऱ्या कोपऱ्यात टोपलीत पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवावी आणि 21 दिवस तिला तिचं काम करू द्यावं. पिल्लं नको असतील तर तळाला जाळी असलेल्या, हवा खेळत्या पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन काही दिवस ठेवावी. पोटाला गारवा लागला की ती ताळ्यावर येते. गावात कोणी नाकात पीस ओवतात. ते करू नका, मुक्या जिवाला फार त्रास होतो.

चार-पाचच गावठी कोंबड्या असतील तर एवढे पैसे घालू नका. आडवी ठेवलेली भाजीची क्रेट, तूस-पेंढा आणि दोन लाकडी अंडी एवढ्यावर भागतं. दहाच्या पुढे कोंबड्या असतील, अंडी विकत असाल आणि पाऊस लांबणारा भाग असेल तर पेटीचे पैसे वसूल होतात. पाचपैकी चार तारे देईन. मागवण्याआधी चटया सुट्या मिळतात का ते मात्र विचारून घ्या. आमच्या एका चटईचे कोपरे आत्ताच वळलेत आणि त्या कप्प्यात अंडं कधीकधी मध्येच अडकतं.